ब्रश धुतला कोणी?

घरातली वस्तू हरवली तर माणूस चोराच्या नावाने बोटं मोडतो, मोडली तर नशिबाच्या. पण एखादी वस्तू आपली आपण चांगली होऊ लागली तर कोणाच्या नावाने बोटं मोडायची, याची सोय कोणी करून ठेवलेली नाही. तपासणीसांची पंचाईत झाली ती इथेच.

तपासणीस हे त्यांचं नाव नव्हे, हुद्दा. वजनं-मापं तपासणाऱ्या खात्यात त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती. दुकानात शिरायचं, तराजू बघायचा, वजनं उलटी करून खालचा शिक्का बघायचा, आणि दुकानदार जितका गोड बोलेल तितक्या वेळा सगळं पुन्हा बघायचं. एवढी वर्षं हे केल्यावर माणसाला संध्याकाळी ती सवय कचेरीत ठेवून घरी येता येत नाही. दूधवाल्याचं माप, वाण्याची पुडी, शिंप्याची टेप, सगळ्यांवर त्यांचा डोळा असे. मळकं दुकान आळशी माणसाचं आणि चकचकीत दुकान लबाड माणसाचं, हा त्यांचा सिद्धांत होता. बिल्डिंगमधले लोक त्यांच्या बायकोला तपासणीसबाई म्हणत. कारण नसताना तीही त्या पदाला चढली होती.

या सिद्धांताचा पहिला मोठा बळी म्हणजे त्यांचे जावई. जावयांचं हार्डवेअरचं आणि रंगांचं दुकान होतं. खिळे, चुका, स्क्रू वजनावर विकले जात. दुकान दुर्दैवाने अतिशय स्वच्छ होतं. लग्नाला महिना झाला नाही तोच तपासणीस खात्याची बॅग घेऊन, ओळख न दाखवता, भर गर्दीच्या वेळी तिथे तपासणीला गेले. दोन तास तपासून काही सापडलं नाही, त्यामुळे त्यांचा संशय बळावला. जावयांनी त्यांना चहा विचारला, तेव्हा तर खात्रीच पटली. मुलीला हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "बाबा, तुम्ही गिऱ्हाइकांसमोर त्याची वजनं उलटी केलीत." त्यानंतर दोन वर्षं ती माहेरी आली नव्हती.

आता ती येणार होती. आईला फोन करून तिने कळवलं होतं, "आठ दिवस येतो आम्ही दोघं. पण बाबांनी याच्यावर एकदा जरी संशय घेतला, तरी त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही परत."

तपासणीसांनी ही अट बायकोकडून दोनदा वदवून घेतली, शब्द बदललेले नाहीत ना ते पाहिलं, आणि कबूल केली. मुलगी यावी असं त्यांना फार वाटत होतं. इतकं, की गेल्या दोन वर्षांत ते तिच्या रिकाम्या खोलीचं दार रोज उघडून बघत आणि बायकोने विचारलं तर वाळवी बघतोय म्हणून सांगत. चूक कबूल करण्याची त्यांना सवय नव्हती. खात्यात तसा अर्जाचा नमुनाच नव्हता. म्हणून त्यांनी ठरवलं की खोली स्वतःच्या हाताने रंगवायची. भिंती बिस्किटी आणि दारं-खिडक्या पांढऱ्या. मुलगी बघेल आणि काय ते समजेल.

रंगारी बोलावला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. तसा एक रंगारी आलाही होता. पण रंगात पाणी किती घालणार, हे त्याने लिहून द्यावं असा तपासणीसांनी आग्रह धरला. रंगारी म्हणाला, "साहेब, ते हाताला कळतं." हाताला कळतं म्हणजे कागदावर येणार नाही, हे तपासणीसांनी ओळखलं आणि त्याला निरोप दिला. मग सोमवारपासून नऊ दिवसांची रजा काढून ते स्वतः शिडीवर चढले.

पहिल्या ब्रशाने सोमवारीच दगा दिला. भिंतीवर एक हात फिरवला की रंगाबरोबर चार केस चिकटून बसत. दुपारपर्यंत भिंतीला दाढीचे खुंट आल्यासारखे दिसू लागले. तपासणीसांनी केस चिमट्याने वेचून कागदात बांधले आणि कोपऱ्यावरच्या दुकानदारापुढे पुरावा म्हणून उघडले.

"नवा ब्रश आहे, साहेब," दुकानदार म्हणाला. "आधी तळहातावर चांगला झटकायचा, धुवायचा, सुटे केस काढून टाकायचे. मग रंगाला लावायचा."

"म्हणजे सुटे केस आहेत हे तुम्हाला विकताना माहीत होतं," तपासणीस म्हणाले. दुकानदार आतल्या खोलीत गेला तो बाहेर आलाच नाही.

त्या दिवशी काम संपल्यावर ब्रश धुवावा, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही. बायकोने सांगितलं होतं. पण तिने न विचारता सांगितलं, तेव्हा त्यात तिचा काहीतरी हेतू असणार म्हणून ते जेवायला बसले. मंगळवारी सकाळी ब्रश हातात घेतला तर तो लाकडाचा झाला होता. दारावर वाजवला तर टकटक आवाज आला. रंगात चुना मिसळलेला आहे, असं त्यांचं मत पडलं.

खालच्या मजल्यावर बिल्डिंगचे सेक्रेटरी राहत. टकटक ऐकून कोण आलं ते बघायला ते वर आले आणि ब्रश बघून खुर्चीत बसले. सल्ला द्यायला सेक्रेटरी नेहमी बसून घेत.

"भिंतीचा रंग असेल तर लगेच पाण्याने धुवायचा. दाराचा ऑइलपेंट असेल तर पाण्याचा उपयोग नाही, टर्पेंटाइन लागतं. आणि ब्रश केसांवर उभा करून ठेवायचा नाही, केस वाकतात. आमच्या साडूंचे ब्रश वीस वर्षं टिकले."

"तुमचे साडू रंगारी आहेत?"

"छे, बँकेत होते. पण माणूस व्यवस्थित." मग उठता उठता ते म्हणाले, "एक मात्र करा. ब्रश गच्चीतल्या नळावर धुणार असाल तर अर्ज लागेल. सामाईक नळ आहे. अर्जात ब्रशांची संख्या लिहा."

मंगळवारी दुसरा ब्रश आणून तपासणीसांनी भिंती संपवल्या. बुधवारी त्यांनी एका खिडकीला ऑइलपेंट लावला आणि रीतसर अर्ज करून तो ब्रश गच्चीवर नेला. सेक्रेटरींनी टर्पेंटाइन सांगितलं खरं, पण त्यांच्या मेव्हण्याचं किंवा साडूचं कुठे टर्पेंटाइनचं दुकान नसेल कशावरून? म्हणून तपासणीसांनी उकळतं पाणी वापरलं. रंग निघाला नाही. केस मात्र मुळापासून निघाले आणि नळाखाली गोळा होऊन गच्चीतली मोरी तुंबली. संध्याकाळी सेक्रेटरींची नोटीस आली: अर्जात एका ब्रशाची परवानगी घेतली असताना प्रत्यक्षात ब्रश शिल्लकच नाही, याचा खुलासा करावा.

गुरुवारी मुलगी आणि जावई आले. खोलीची भिंत झाली होती, दारं आणि बाकीच्या खिडक्या व्हायच्या होत्या. दोघांची झोपायची सोय बाहेरच्या खोलीत करावी लागली. मुलीने खोलीत डोकावून बघितलं आणि ती आईकडे गेली. जावयांनी कोपऱ्यातले दोन मृत ब्रश पाहिले. ते बोलण्यासाठी तोंड उघडत होते, पण तपासणीसबाईंनी त्यांना नजरेनेच गप्प केलं. तपासणीसांनी ते टिपलं. पण अट होती, म्हणून त्यांनी ते मनातल्या मनात टिपलं.

शुक्रवारी तिसरा ब्रश आला, आणि खरी गोष्ट इथे सुरू होते.

आता तपासणीसांनी टर्पेंटाइनचीही बाटली आणली होती. दारांना सकाळभर रंग लावून झाला की ते डब्यात थोडं टर्पेंटाइन ओतत, ब्रश त्यात दोनदा गरगर फिरवत, आणि धुतला असं जाहीर करून तो तिथेच केसांवर उभा करत. मग जेवण आणि दीड ते साडेतीन झोप. शुक्रवारी साडेतीनला उठून पाहतात तो ब्रश डब्यावर आडवा ठेवलेला. केस सरळ, मऊ, मुळापर्यंत पांढरे स्वच्छ, आणि किंचित साबणाचा वास. दुकानात होता त्याहून तो चांगला दिसत होता.

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. तपासणीस सावध झाले. चकचकीत तराजूमागे काय असतं हे त्यांना एकोणतीस वर्षं माहीत होतं. कोणी दुसऱ्याचा ब्रश उगाच धुईल कशाला? ज्याने वापरला तो धुईल. म्हणजे आपण झोपलो असताना कोणीतरी आपल्या ब्रशाने काहीतरी रंगवत होतं आणि मग खुणा पुसून टाकत होतं.

शनिवारी त्यांनी टर्पेंटाइनच्या बाटलीवर पेन्सिलीने रेघ मारली आणि रंगाच्या डब्यात पट्टी बुडवून रंग किती आहे ते मोजलं. झोपून उठले तर ब्रश पुन्हा लख्ख, रंग तेवढाच, आणि टर्पेंटाइन थेंबभरही कमी नाही. हे तर फारच गंभीर होतं. घरातलं टर्पेंटाइन कमी झालं नाही याचा अर्थ बाहेरचं टर्पेंटाइन घरात येत होतं.

बाहेरचं म्हटल्यावर त्यांना सेक्रेटरी आठवले. सेक्रेटरींच्या गॅलरीची जाळी परवाच पांढरी झाली होती. तपासणीस जिना उतरून खाली गेले, गॅलरीशी वाकले आणि तोच पांढरा आहे का हे बघायला खिशातल्या किल्लीने जाळी खरवडू लागले. आतून आवाज आला, "काही हवं होतं का?"

"वारा कसा येतो ते बघत होतो," तपासणीस म्हणाले.

दुसरी नोटीस आली ती वाऱ्याबद्दल नव्हती.

रविवारी त्यांनी शेवटचा उपाय केला. रंगकाम आटोपल्यावर ब्रश डब्यासकट पिशवीत घातला आणि तोंडाला खात्याची गाठ मारली. जप्त केलेल्या मालाला मारायची ही गाठ, दोन वेढे डावीकडून, एक उजवीकडून आणि टोक खालून आत. एकदा सोडली तर पुन्हा तशी बांधणं दुकानदारांच्या सात पिढ्यांना जमलं नव्हतं. साडेतीनला उठून पाहिलं तर गाठ जशीच्या तशी होती. त्यांनी सुटकेचा श्वास टाकला, गाठ सोडली, आणि आतला ब्रश बघून मटकन शिडीवर बसले.

मग सोमवारी चहाच्या वेळी त्यांचा तोल गेला. कप खाली ठेवून ते म्हणाले, "या घरात कोणीतरी माझा ब्रश वापरतंय. आणि वापरणारा साधा माणूस नाही. त्याला ब्रशातलं कळतं, टर्पेंटाइनमधलं कळतं." आणि एवढं बोलून त्यांची नजर, त्यांना न विचारता, जावयांवर जाऊन थांबली.

जावई कपातल्या चहाकडे बघत राहिले. मुलीने बिस्किट बशीत परत ठेवलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने अगदी शांतपणे सांगितलं, "उद्या संध्याकाळी पाचची गाडी आहे. आम्ही निघतो, आई."

"अगं, मी नाव घेतलं का कोणाचं?" तपासणीस म्हणाले.

"घ्यायची गरज नाही, बाबा."

रात्री जेवताना बायको वाढायला आली तेव्हा तपासणीसांनी हळूच विचारलं, "तू समजावशील का तिला?" ती म्हणाली, "कोणाला समजावू? तिला सगळं समजतं." आणि भाताचा चमचा त्यांच्या ताटावर जरा जोरात आपटला.

मंगळवारी सकाळी त्यांनी शेवटचं दार रंगवलं. खोली पूर्ण झाली होती, पण आता तिच्यात झोपायला कोणी नव्हतं. दाराशी मुलीची बॅग भरून ठेवली होती. तपासणीसांना इतकं वाईट वाटत होतं की त्यांनी ब्रश दोनदाही फिरवला नाही, तसाच पिशवीत टाकून गाठ मारली. बोललो ते खरं निघालं, तर निदान आपण वेडे तरी ठरणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. आणि खोटं निघालं तर काय, हे मात्र मनात येऊ दिलं नाही. त्यांनी जागं राहून पाळत ठेवायची ठरवली.

अडचण अशी होती की घरच्यांच्या मते तपासणीस झोपेत घोरत. स्वतः तपासणीसांनी हा आरोप पुराव्याअभावी कधीच मान्य केला नव्हता. आता झोपल्याचं सोंग घ्यायचं तर घोरणं आलं, आणि कधी ऐकलेलं नसल्यामुळे आपण नेमके कसे घोरतो याची त्यांना माहिती नव्हती. त्यांनी अंदाजाने सुरुवात केली. मागच्या गॅलरीतून मुलीचा आवाज आला, "आई, आज बाबांचं घोरणं वेगळं वाटतंय."

"काल नीट जेवले नाहीत," बायको म्हणाली. "पोटात वारा धरला असेल."

गॅलरीत तिघंही होते तर. तपासणीस उठले. घोरणं थांबवून चालणार नव्हतं, म्हणून ते घोरत घोरतच अनवाणी निघाले. घोरत त्यांनी कपाटाला वळसा घातला, घोरत स्वयंपाकघर ओलांडलं, आणि गॅलरीच्या दाराच्या फटीला डोळा लावून मंद घोरत उभे राहिले.

जावई पाटावर बसले होते. समोर त्यांनी स्वतः आणलेली टर्पेंटाइनची बाटली, साबणाची वडी, कोमट पाण्याची बादली आणि एक जुना कंगवा. ते ब्रशाचे केस बोटांनी मुळाशी उघडून रंग बाहेर काढत होते. मुलगी पाणी ओतत होती. बायको मांडीवर पिशवी घेऊन गाठीची दोरी सरळ करत होती. एकोणतीस वर्षं जेवणाच्या टेबलावर नवऱ्याने जप्तीच्या पिशव्या बांधलेल्या तिने पाहिल्या होत्या. ती गाठ तिला पाठ होती, आणि हे तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

"आज तर त्यांनी बुडवलेलासुद्धा नाही," जावई म्हणाले. "सुकायला लागला होता. अर्ध्या तासाने हाती आला असता तर गेलाच होता."

"जाऊ दे ना मग," मुलगी म्हणाली. "आता कशाला धुतोस? निघालोच आहोत आपण. आणि आई, पहिल्याच दिवशी सांगून टाकायचं होतं."

"सांगून धुतला असता तर का धुतला याची चौकशी लागली असती," बायको म्हणाली. "आणि चौथा ब्रश आला असता."

"चांगला ब्रश आहे, टाकवत नाही," जावई म्हणाले. मग कंगवा फिरवता फिरवता ते म्हणाले, "खोली बघितलीस का नीट? छताजवळची रेघ बघ. चिकटपट्टी न लावता काढली आहे त्यांनी. आमच्याकडे येणाऱ्या रंगाऱ्यांना जमत नाही. दोन खोल्यांचा वेळ लावलाय एका खोलीला. कोणासाठी लावलाय, ते तुला दिसत नाही का?"

मुलीने ओढणीने नाक पुसलं आणि पुन्हा पाणी ओतू लागली. "मला राहायचं होतं रे," एवढंच ती म्हणाली.

तपासणीस फटीशी खिळून गेले होते. पाठीमागे लोक आपल्याबद्दल काय बोलतात याची त्यांना कल्पना होती. खात्यात आणि बाजारात ते त्यांनी पुष्कळदा चोरून ऐकलं होतं. आपण समोर नसताना कोणी आपल्याबद्दल चांगलं बोलेल, आणि तेही ज्याची वजनं आपण भर दुकानात उलटी केली त्याने, हे त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. त्यांना लाज वाटली. इतकी लाज वाटली की ते घोरायचं विसरले.

"घोरणं थांबलं," बायको म्हणाली, आणि तिघांनी एकदम दाराकडे बघितलं.

आता लपण्यात अर्थ नव्हता. तपासणीस दार उघडून गॅलरीत आले. खरं तर चोर ते पकडणार होते, आणि मुद्देमालासकट सापडले होते तेच, अनवाणी, बनियनवर. जावई अर्धवट उठले. बायकोने गाठीची दोरी पदराखाली घेतली आणि मग कंटाळून पुन्हा बाहेर काढली.

"बसा," तपासणीस जावयांना म्हणाले. मग बादलीकडे बघत ते म्हणाले, "तुमच्या दुकानात आलो होतो मी. ते चुकलं. तपासणी नियमाने होती, पण मी नियमासाठी आलो नव्हतो. आणि काल चहाच्या वेळी बोललो, तेही चुकलं."

"असू दे, बाबा," जावई म्हणाले.

"असू देऊ नका. चुकलं म्हणजे चुकलं."

मुलगी वडिलांकडे टक लावून बघत होती. तिने आयुष्यात त्यांच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता, आणि तो खरा आहे की काय हे पारखणं तिला जड जात होतं. शेवटी मुलगी त्यांचीच होती. तिने घड्याळ बघितलं आणि पुटपुटली, "सव्वातीन झाले. पाचची गाडी आहे."

तपासणीसांनी जावयांच्या हातातून ब्रश घेतला. तो लख्ख झाला होता, एकेक केस मोकळा होता. त्यांनी तो उजेडात धरून बघितला. मग आत जाऊन रंगाच्या डब्याचं झाकण काढलं, ब्रश पार दांड्यापर्यंत रंगात बुडवला, आणि टपटप ठिबकणारा तसाच आणून जावयांच्या हातात परत दिला.

"मला शिकवा," ते म्हणाले. "अगदी पहिल्यापासून."

जावयांनी ठिबकणाऱ्या ब्रशाकडे पाहिलं. मग आपल्या बायकोकडे, मग दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे. ब्रश धुवायला त्यांना किती वेळ लागतो हे गॅलरीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. फार तर दहा मिनिटं. तपासणीसांनी तर ते आत्ताच दाराच्या फटीतून डोळ्यांनी मोजलं होतं.

"हा फारच भरलाय, बाबा," जावई अतिशय गंभीरपणे म्हणाले. "याला दोन तास तरी लागतील."

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत इतकं उघड खोटं माप तपासणीसांच्या समोर कोणी मांडलं नव्हतं. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं. ती बादलीतलं खराब पाणी ओतून नवं पाणी भरायला लागली होती.

"लागू देत," ते म्हणाले, आणि पाट ओढून जावयांशेजारी बसले.